टिटवीचा हिशेब

लेउवार्डनच्या कालव्याकाठी, सायकल-दुरुस्तीच्या दुकानावर
आमची होस्टिंग कंपनी. साडेतीन माणसं
(अर्धा म्हणजे मी, सोमवार ते बुधवार)
आणि मागच्या खोलीत घोंघावणारे अकरा सर्व्हर.

दर महिन्याच्या एक तारखेला वीत्स्के बाउमाचं पत्र येतं.
ई-मेल नव्हे. पाकीट, तिकीट, निळी शाई.
"तो हत्तीच्या चित्राचा डेटाबेस
तुम्ही अजून बसवला नाहीत का?"

हिल्के, आमचा मालक, पत्रावर कप ठेवतो.
म्हणतो, कळव तिला, मागणी नाही.
मी कळवतो.

मार्चमध्ये ती लिहिते :
"मेनूकार्डावर जो पदार्थच नाही तो मागवणार कोण?
माणूस कार्ड बघतो आणि उठून जातो.
उठून गेलेल्यांची नोंद तुम्ही कुठे ठेवता?"
मी आमच्या नोंदी उघडल्या.
तसा रकानाच नव्हता.

एप्रिलमध्ये :
"त्याच्या परवान्याला दमडी पडत नाही.
त्याचं पोट उघडून बघता येतं, बिघडलं तर शिवता येतं.
आणि उद्या तुमचं दुकान बंद पडलं
(पडू नये, पण उद्याचं कुणी पाहिलंय)
तर माझं बोचकं उचलून मी दुसऱ्या दारी जाईन.
किल्ली कुणाच्या खिशात अडकलेली नसेल."
हिल्के हसला. हत्ती पोसायचा कुणी, म्हणाला,
रात्री दोनला सोंड वर करून ओरडला तर उठायचं कुणी?
आणि माझ्याकडे बघितलं.

मे महिन्यात मी सायकल काढून तिच्याकडेच गेलो.

वीत्स्के टिटव्यांची घरटी मोजते.
घरटं कसलं, गवतातला खळगा,
चार अंडी, टोकं आत वळवलेली, चिखलाच्या रंगाची.
आसपासचे सदतीस लोक तिला कळवतात :
अक्षांश, रेखांश, अंडी किती.
आणि तिला विचारायचं असतं एवढंच, की
उद्या शिर्क ज्या तुकड्यातलं गवत कापणार
त्या तुकड्याच्या आत कुणाकुणाची घरटी आहेत?
हत्तीला हा प्रश्न कळतो, नकाशासकट.
आमच्याकडे जे होतं, वर्षानुवर्षं न बदललेलं,
त्याला आत आणि बाहेर कळत नव्हतं.
म्हणून ती जेवणाच्या टेबलावर, पट्टी-पेन्सिल घेऊन
रात्रभर बसली होती. नऊ सापडली.
शेतात दहा होती.

दहाव्याबद्दल ती फार बोलली नाही.
शिर्कनं यंत्र थांबवून टोपी काढली, म्हणाली, आणि मग परत घातली.
वर एक टिटवी अजून ओरडत घिरट्या घालत होती.
आम्ही उभे होतो तिथे कधीकाळी खारं पाणी होतं.
टिटवीनं समुद्र आटवला म्हणतात.
इथे कुणीतरी आटवलाय, हे तर पायाखालीच होतं.

बुधवारी सगळे गेल्यावर
मी कपाटामागचा जुना बारावा सर्व्हर पुसला.
हिल्केला विचारलं नाही.
पहाटेपर्यंत हत्ती आत आला,
शेपूट अडकलं, एका पोर्टच्या आकड्यात.
तेही दुपारी सुटलं.
जूनच्या पत्राला दोनच शब्द लिहिले : बसवलाय. बघा.

जुलैचं पत्र आलं नाही.
आला तो ग्रोनिंगनच्या एका होस्टिंगवाल्याचा फोन, वैतागलेला.
कुणी बाई निळ्या शाईत विचारतेय,
"लेउवार्डनची साडेतीन माणसांची कंपनी देते,
तुम्ही तर चाळीस आहात, तुम्हाला काय झालं?"
झ्वोलेच्या कंपनीलाही तसंच पत्र गेलंय म्हणे.

हिल्केनं फोन ठेवला.
साडेतीन, म्हणाला. हे तिला कुणी सांगितलं?
मग बाराव्या सर्व्हरचा दिवा त्याला दिसला.
बराच वेळ बघत राहिला.
विजेचं बिल, एवढंच पुटपुटला, आणि कप उचलून धुवायला गेला.

आता आमच्या दरपत्रकात एक जास्तीची ओळ आहे.
शुद्धलेखन चुकलंय, दुरुस्त करायचं राहिलंय.
सहा नवे लोक आले, त्यातला एक ईल मासे मोजतो.
रात्री दोनला हत्ती अजून ओरडलेला नाही.
ओरडला तर मी आहे,
सोमवार ते बुधवार.